क्वेचुआ आणि भोजपुरी शेजारी ठेवून अभ्यासताना

मे 2022 मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये एकदम 24 भाषांची भर पडली. त्यात आपली कोकणी होती, भोजपुरी होती आणि दक्षिण अमेरिकेतली क्वेचुआही होती. भाषाविज्ञानाला नव्याने आलेली मुलं-मुली मला विचारतात, की भोजपुरी आणि क्वेचुआची तुलना प्रबंधाला घेता येईल का. येईल. मी ती घेतली होती आणि आजही माझं काम याच दोन भाषांभोवती फिरतं, म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे नातं शोधू नका. 1871 मध्ये अर्जेंटिनाचे इतिहासकार विसेंते फिदेल लोपेस यांनी क्वेचुआ बोलणारे मूळचे आर्य आहेत असं सांगणारं अख्खं पुस्तक पॅरिसला छापलं. सारखे वाटणारे शब्द गोळा करायला बसलं की ते सापडतातच, कुठल्याही दोन भाषांत सापडतात. भोजपुरी मराठीसारखीच इंडो-आर्य कुळातली, क्वेचुआचं कुळ स्वतंत्र. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, पण ते जपानीतही येतं. तुलना करायची ती रचनेची: एकच गोष्ट सांगायची गरज या दोन भाषा कशा भागवतात?

दुसरी गोष्ट, बोली नक्की करा. क्वेचुआ हे एका भाषेचं नसून भाषांच्या कुटुंबाचं नाव आहे. पेरूचे आल्फ्रेदो तोरेरो आणि अमेरिकेचे गॅरी पार्कर यांनी 1960 च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याच्या दोन मोठ्या शाखा दाखवल्या. पेरूतल्याच कुस्कोचा माणूस आणि आंकाशचा माणूस आपापल्या क्वेचुआत बोलू लागले तर एकमेकांचं धड समजत नाही. कुस्कोत ‘तान्ता’ म्हणजे गोळा झालेलं, ‘थान्ता’ म्हणजे जुनं-फाटकं, आणि त्याच ‘त’ला घशातून झटका दिला की होते भाकरी. या तिसऱ्या ‘त’साठी देवनागरीत अक्षरच नाही. पेरूतल्याच आयाकुचोत मात्र हा भेद नाही. तिथे साधी ‘तान्ता’ म्हणजेच भाकरी. वहीत ‘क्वेचुआ’ एवढंच लिहून ठेवलंत तर महिन्याभराने तुमची टिपणं तुम्हालाच कळणार नाहीत. भोजपुरीचंही तेच. ‘आहे’साठी बलिया-छपऱ्याकडे ‘बा’ ऐकू येतं, बनारसला ‘हौ’. मी कुस्को आणि छपरा धरून चालते.

आता खरा गाभा. प्रश्न एकच घ्या, आणि तो घट्ट धरून ठेवा. माझा प्रश्न होता: क्रियापदावर माणसं कशी उमटतात? कुस्कोच्या क्वेचुआत ‘रिकुनी’ म्हणजे मी पाहते. ‘रिकुयकी’ म्हणजे मी तुला पाहते, आणि ‘रिकुवान्की’ म्हणजे तू मला पाहतोस. मी, तू, मला, तुला यांतला एकही शब्द वेगळा उच्चारलेला नाही. कोण कोणाला, हे सगळं प्रत्ययात आहे. भोजपुरीचं क्रियापद वेगळीच माहिती देतं. ‘तें जात बाड़े’, ‘तू जात बाड़ऽ’, ‘रउआ जात बानी’ यांत जाणारा एकच, पण मान तीन पायऱ्यांचा. गंमत म्हणजे ‘हम जात बानी’ आणि ‘रउआ जात बानी’ यांत क्रियापद एकच: स्वतःबद्दल बोलताना जे रूप, तेच आदरार्थी. अशी जागा सापडली की थांबा. ती भाषा बोलणाऱ्याला विचारा, आणखी दहा क्रियापदं तपासा. माझ्या प्रबंधाचं सर्वांत चांगलं प्रकरण या एका रूपातून निघालं.

मराठी येणं ही इथे मोठी जमेची बाजू आहे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत ऐकणारा धरला की वगळला, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. क्वेचुआत नेमका हाच भेद आहे: ‘न्योकान्चिस’ म्हणजे आपण, ‘न्योकायकु’ म्हणजे आम्ही. हिंदी किंवा स्पॅनिशमधून क्वेचुआकडे येणाऱ्याला इथे अडखळायला होतं. तसंच ‘म्हणे’चं. ‘पाराशानमी’ म्हणजे पाऊस पडतोय, मला माहीत आहे. ‘पाराशानसी’ म्हणजे पाऊस पडतोय म्हणे. ‘पाराशानचा’ म्हणजे पडत असेल. दंतकथा सांगताना क्वेचुआ माणूस ‘सी’ लावत जातो, कारण ते त्याने पाहिलेलं नसतं. भोजपुरीकडे वळलात की भूतकाळातला ‘ल’ भेटतो, ‘ऊ गइल’ आणि ‘तो गेला’. पण लगेच फसू नका. आपण ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ म्हणतो. भोजपुरीत ‘हम आम खइनी’ आणि ‘हम रोटी खइनी’. तिथे क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं, खाल्लेल्या वस्तूच्या नाही.

भाषा बोलणारे शोधायला भोजपुरीसाठी बिहारला जायचीही गरज नाही. मुंबई-पुण्यात शेजारीच आहेत. पण ‘तुमची भाषा कोणती?’ असं विचारलंत तर बरेच जण ‘हिंदी’ म्हणतील. 2011 च्या जनगणनेत भोजपुरी सांगणारे 5 कोटींहून जास्त होते, तरी ती मोजली गेली हिंदीखालीच, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती अजून नाही. पेरूने 1975 मध्ये क्वेचुआला अधिकृत दर्जा दिला, पण राजधानी लिमाला आलेले कितीतरी लोक आजही ती चारचौघांत बोलायचं टाळतात. म्हणून मी विचारते, ‘आजीशी कसं बोलता?’ उत्तर लगेच येतं, आणि चेहराही खुलतो. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या आणि नंतर ते त्यांना ऐकवा. दुरुस्त्या तेच सुचवतात.

वाचनासाठी जॉर्ज ग्रियर्सन यांनी ब्रिटिश काळात केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा 1903 चा बिहारी बोलींचा खंड आधी घ्या. जुना आहे, पण नमुने अस्सल आहेत. क्वेचुआसाठी वाचण्यापुरती स्पॅनिश शिकून घ्या, तिच्याशिवाय अर्ध्याहून अधिक साहित्य बंदच राहतं. सहा महिने द्या त्याला.

नोकरीचं विचाराल तर अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत. काम मिळतं ते भाषेचा विदा (डेटा) तयार करण्याचं आणि यंत्राने केलेलं भाषांतर तपासण्याचं. तिथे या अभ्यासाचा थेट उपयोग होतो. भाषांतर इंग्रजीच्या वाटेने गेलं की ‘न्योकान्चिस’ आणि ‘न्योकायकु’ दोन्हींचं एकच ‘वी’ होतं, ‘तें’ आणि ‘रउआ’ दोघांचं ‘यू’. मुलाखतीला जाताना अशी पाच-सहा वाक्यं दोन्ही भाषांत तयार ठेवा, आणि चूक कुठल्या प्रत्ययावर होते हे बोट ठेवून दाखवा.