केमो संपल्यावर पुढची तारीख कशी द्यायची

केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं उरकून घरी आलेल्या, तिशीतल्या बाईसाठी हे लिहितेय. मी वेंगुर्ल्यात ब्लाउज शिवते. माझ्या स्तनातली कॅन्सरची गाठ ३३व्या वर्षी सापडली, तेव्हा मुलगी बालवाडीत होती. उपचार चालू असतात तोवर तारखा हॉस्पिटल देतं. ते संपले की आपण एकट्या पडतो आणि वाटेत भेटेल तो विचारतो, "आता सगळां बरां झालां मा गो?" 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही आणि 'नाही' म्हटलं तर घरचे घाबरतात. मी सांगते, "केमो संपली, तपासणी चालू आसा." हे खरं आहे, आणि विचारणाऱ्यालाही पुरतं.

पहिलं काम म्हणजे आपल्या आजाराचा प्रकार डॉक्टरांकडून मराठीत समजून घे आणि लिहून ठेव. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा असेल तर आजार उलटण्याचा धोका बऱ्याच वर्षांवर पसरलेला असतो, म्हणून टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या ५ वर्षं, काहींना १० वर्षं देतात. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे या हार्मोनच्या गोळ्या लागू न पडणाऱ्या प्रकारात, धोका मुख्यतः पहिल्या काही वर्षांत असतो, नंतर तो बराच उतरतो. शेजारणीच्या मावशीचं काय झालं ते आपल्याला लागू पडेलच असं नाही, कारण तिचा प्रकार वेगळा असू शकतो. आणि इतक्या लहान वयात आजार झाला म्हणून बीआरसीए या, घराण्यात चालत येऊ शकणाऱ्या जनुकांच्या तपासणीबद्दल जरूर विचार. तिच्या निकालावर आपल्या दुसऱ्या स्तनाचा, अंडाशयांचा आणि बहिणींच्या तपासणीचाही विचार अवलंबून असतो.

फॉलोअपचा, म्हणजे उपचारांनंतरच्या तपासण्यांचा, साधारण क्रम असा: पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टर हाताने तपासतात, पुढची २ वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) वर्षाला एक. 'माझा पेट स्कॅन (सगळ्या शरीराचा स्कॅन) का नाही करत?' हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या मनात येतो. काही त्रास नसताना हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे अशा तपासण्या करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही, हे इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. उलट कुठेतरी बारीकसा ठिपका दिसतो, त्यासाठी आणखी तपासण्या होतात आणि महिनाभर झोप उडते. स्कॅन लिहून दिला नाही म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला सोडून दिलं, असं समजू नको.

आता दुखण्याबद्दल. उपचारांनंतर प्रत्येक कळ संशयाची वाटते. बरगडीत चमक आली, पाठ धरली, खोकला झाला की मन थेट तिथेच जातं. त्यासाठी एक वही कर. दुखणं सुरू झालं त्या दिवसाची तारीख, जागा, कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं, एवढंच लिही आणि वही मिट. दोन आठवड्यांत ओसरलं तर त्यावर रेघ मार. टिकलं किंवा वाढत गेलं तर फोन कर, पुढच्या फॉलोअपची वाट बघू नको. काही गोष्टींना मात्र दोन आठवडे द्यायचे नाहीत: धाप लागणं, पोटरी एकदम सुजून दुखणं (टॅमॉक्सिफेनने क्वचित रक्ताची गुठळी होते), हातापायातली शक्ती जाणं, डोळे पिवळे होणं, फिट येणं. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नवी गाठ हाताला लागली तरी त्याच आठवड्यात दाखव. आमच्या बंदरावर धोक्याचा बावटा चढला की होड्या आत येतात आणि बावटा नसेल त्या दिवशी सगळे मासेमारीला जातात. वहीचा उपयोग मला तसा होतो.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सांभाळायचा, आणि आपल्याकडे तो सांभाळणं सोपं नाही. काजू सोलताना त्याचं तेल कातडी जाळतं, मासे साफ करताना काटा घुसतो, विळीवर बोट कापतं. हातमोजे घाल. जखम झाली की साबणाने धुऊन मलम लाव. हात लाल, गरम झाला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो. हातावर सूज आली म्हणजे आजार उलटला असं नाही, पण सूज दाखवायलाच हवी. हात बांधून बसू नको. शिकवलेला व्यायाम रोज कर, त्या हाताने उचलायचं वजन हळूहळू वाढव. मी मशीनवर बसले की मधे उठून हात वर ताणते.

सगळ्यात कठीण असतो फॉलोअपच्या आधीचा आठवडा. मी परळला टाटात जाते. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस पकडली की सकाळी दादर. त्या आठवड्यात मी कोणाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसला कात्री लावत नाही. हुक, काजं, फॉल-पिको एवढंच करते. हात चालू राहतो आणि चुकलं तरी उसवता येतं. तूही तुझ्या कामातलं असं काहीतरी बाजूला काढून ठेव. सोबत कोणाला तरी ने, आणि त्या माणसाला आधीच सांग की तू फक्त ऐकून लिहून घ्यायचं. प्रश्न कागदावर ने, सगळ्यात महत्त्वाचा वर. रिपोर्ट मोबाइलवर आला तर तो रात्री एकटीने उघडू नको.

लोक सांगतील, "पॉझिटिव्ह राहा, काळजी केलीस तर परत येईल." मला हे वाक्य फार लागतं, कारण त्याने भीतीच्या जोडीला अपराधीपणा येतो. काळजी केल्याने हा आजार परत येतो, असं सिद्ध झालेलं नाही. रडू आलं तर रड. पण झोप, जेवण, काम हे सगळंच सुटत चाललं असेल तर टेलि मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं. मनाच्या डॉक्टरांकडे गेलीस तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांग. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशा काही गोळ्यांनी तिचा परिणाम कमी होऊ शकतो.

मूल हवं असेल तर मनात दाबून ठेवू नको. टॅमॉक्सिफेनवर असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पाळी थांबली असली तरी काळजी घ्यायची आणि तीही हार्मोन नसलेल्या साधनाने, म्हणजे कॉपर-टी किंवा निरोध. पण दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या काही काळ थांबवून बाळंत झालेल्या बायका आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१८ बायकांच्या अभ्यासात पहिल्या काही वर्षांत तरी त्यामुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढची वर्षं अजून बघायची आहेत. म्हणून हा निर्णय डॉक्टरांशी बसून, नवऱ्याला सोबत घेऊन घ्यायचा. सासूच्या घाईने नाही आणि तिच्या भीतीनेही नाही.

राहिल्या पुढच्या तारखा. 'आधी रिपोर्ट येऊ दे, मग बघू' हे एकदा सुरू झालं की संपत नाही, कारण एका रिपोर्टमागे दुसरा असतोच. मी चवथीच्या ऑर्डरी फॉलोअपच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही तारखांना घेते. मात्र मापं अशी लिहिते की दुसऱ्या शिंपिणीला मला न विचारता शिवता येईल: गळा, बाही, अस्तर, टक्स, सगळं. ब्लाउजपीसला नावाची चिठ्ठी टाचलेली असते, आणि ती दुसरी कोण हे आधीच ठरलेलं आहे. गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे निम्मेच घेते.