चांदोली-कोयनेत कामाला येताय? कोरा फॉर्मही भरा

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कामाला येताय तर वाघ दिसायची आशा घरी ठेवून या. चांदोली आणि कोयना मिळून ११६५ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प २०१० साली जाहीर झाला, आणि कॅमेऱ्यात वाघ आला म्हणून गाजावाजा व्हायला मे २०१८ उजाडला. नंतरचा गाजलेला फोटो चांदोलीतला, डिसेंबर २०२३ चा. ताडोब्यातून वाघीण आणल्यापासून विचारणारे वाढलेत, पण रोजचं काम तेच आहे: चालणं आणि लिहिणं. हत्तीचं वेड असेल तर चंदगड, आजरा नाहीतर दोडामार्ग गाठा.

खरी गोम साइन सर्व्हेच्या, म्हणजे ठसे-विष्ठा अशा जनावरांच्या खुणा शोधत चालायच्या पाहणीच्या, फॉर्ममध्ये आहे. माझी फसगत तिथेच झाली, म्हणून जरा लांबण लावतो. ठरलेली पायवाट, पाचेक किलोमीटरची, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा चालायची असते. पहिल्या दिवशी बिबट्याची विष्ठा सापडली की फॉर्म झकास भरला जातो. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग "काहीच नव्हतं, लिहायचं काय?" म्हणत ते दोन कागद कोरेच पिशवीत राहतात. आता हिशेब बघा. तीन फेऱ्यांत एकदा खूण मिळाली, तर जनावर असूनही खूण हुकायची शक्यता किती, याचा अंदाज बांधता येतो. दोन फेऱ्या गाळल्या की उरते एकच, आणि तिच्यात तर खूण मिळालेली. म्हणजे आपली नजर कधी चुकतच नाही, असं गणित धरून चालतं. मग शेजारच्या ज्या वाटेवर काही सापडलं नाही, तिथे जनावरच नाही असा निकाल लागतो. उद्या त्या पट्ट्यात रस्ता काढायचा म्हटलं की हाच निकाल कुणीतरी टेबलावर ठेवतो.

त्यात आपला सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. जांभ्याच्या कातळावर वाघ नाचून गेला तरी ठसा उमटत नाही. म्हणून नुसतं "खूण नाही" लिहून भागत नाही. जमीन कसली होती, कातळ, मुरूम, फुफाटा की ओला चिखल, ते त्याच ओळीत यायला हवं. किती वाजता निघालात, किती चाललात, रात्री पाऊस झाला होता का, हेही. फुफाट्यातलं शून्य आणि कातळावरचं शून्य वेगळं असतं.

शिकायचं कुणाकडून? हातभर लेन्स गळ्यात घालून फिरणाऱ्यांकडून नको. पैसे भरून मिळणारी शनिवार-रविवारची प्रमाणपत्रं तर मुळीच नकोत, माझ्या मते ती निव्वळ लूट आहे. वनमजूर मामांच्या मागे चाला. ते थांबले की थांबा, आणि दिवसभरात चार प्रश्नांवर पाचवा विचारू नका. वाकलेल्या गवतावरून गवा कधी गेला ते सांगणारी माणसं आहेत ती.

हत्तीच्या मागावर गेलात तर पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोऱ्याने मोजा. त्याची दुप्पट म्हणजे साधारण खांद्यापर्यंतची उंची. पण रात्रभर पिकाची राखण करून बसलेल्या शेतकऱ्याला संवर्धनाचं भाषण देऊ नका. आधी पंचनाम्याला मदत करा. शिराळा, वाळवा, कराडकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, तिथेही तेच. सेल्फीवाली गर्दी हटवायची, वनखात्याला कळवायचं. पिल्लं अंधार पडताना त्याच जागी ठेवली तर बहुतेक वेळा आई येऊन घेऊन जाते.

बीए झालंय, इंग्रजी कच्चं आहे, म्हणून घाबरू नका. वनरक्षक भरतीला बारावी चालते, मात्र विषयांची अट नीट वाचा. पळायला मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. संशोधनात जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एनसीबीएस, म्हणजे जीवविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, इथे एमएस्सी होते. प्रवेश अवघड आहे, पण फॉर्म भरायची शिस्त असलेली पोरं तिथे टिकतात.

पाहणीतल्या सहायकाची कामं बहुतेक काही महिन्यांचीच असतात. मानधन, प्रवासखर्च आणि विमा निघण्याआधी लेखी घ्या. माझे एकीकडचे पैसे अजून यायचेत. विम्याचं विचारायला लाजू नका, अंगावर आलेलं अस्वल तुमचा अनुभव विचारत नाही.