पॉलिमर आणि सरफॅक्टंट एकाच बीकरमध्ये: या चुका टाळा

ग्वार, झँथन, कायटोसान, अल्जिनेट, कॅराजीनन, सेल्युलोजचे ईथर. या पॉलिमरांच्या, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या, द्रावणात सरफॅक्टंट (साबणासारखा, पृष्ठताण कमी करणारा पदार्थ) घातला की काहीतरी होतंच. द्रावण गढूळ होतं, दाट होतं, पातळ होतं, तळाशी साका बसतो. आणि जे काही होईल त्याच्यापुढे वहीत एकच शब्द लिहिला जातो: आंतरक्रिया. गेली कित्येक वर्षं मी अशा वह्या तपासतोय. निम्म्याहून जास्त वेळा पॉलिमर आणि सरफॅक्टंट यांचा एकमेकांशी काही संबंधच आलेला नसतो, घोळ तिसऱ्याच कुणीतरी घातलेला असतो.

कोरी बाटली न ठेवणं

कोरी बाटली म्हणजे एखादा घटक वगळून तुलनेसाठी केलेलं मिश्रण. ती न ठेवणं ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. एकदा आमच्याकडे काप्पा-कॅराजीनन आणि सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे एसडीएस हा सरफॅक्टंट, यांच्यावर काम चाललं होतं. कॅराजीननचं जेल नीट बांधलं जावं म्हणून विद्यार्थिनीने पोटॅशियम क्लोराइड घातलं होतं. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये पांढरा साका. फ्लास्क हलवला की तो साका रेशमासारखा चमकायचा. तिने लिहिलं, ‘पॉलिमर-सरफॅक्टंट संकुल’. मीही मान डोलावली. तीन आठवडे आम्ही मीठ किती, सरफॅक्टंट किती, साका कुठे येतो आणि कुठे नाही, याचे नकाशे काढत होतो.

खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. कॅराजीननवर सल्फेटचे गट, म्हणजे ऋणभार. एसडीएसच्या रेणूचं डोकं, म्हणजे पाण्याकडचं टोक, तेही ऋणभारित. दोघं एकमेकांना दूर लोटणारे, मग इतक्या जोरात धरतील कशाला? शेवटी एका संध्याकाळी मी तो फ्लास्क कोमट पाण्याच्या भांड्यात धरला. चमक विरली, साका दिसेनासा झाला. गार केल्यावर पुन्हा हजर. मग कॅराजीनन अजिबात न घालता, नुसतं एसडीएस आणि पोटॅशियम क्लोराइड घेऊन बघितलं. तोच साका, तीच रेशमी चमक.

तो पोटॅशियम डोडेसिल सल्फेट होता. एसडीएस खोलीच्या तापमानाला पाण्यात सहज विरघळतो, पण त्याच्या पोटॅशियम क्षाराला नीट विरघळायला ३० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. डीएनए वेगळं काढणारी मंडळी पोटॅशियम ॲसिटेट वापरून एसडीएस मुद्दाम असाच खाली बसवतात. अल्जिनेटचे मणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये बांधताना एसडीएस वापरणाऱ्यांचीही हीच गत होते, कारण कॅल्शियम क्षार तर आणखी हट्टी. आणि बाजारात मिळणाऱ्या कॅराजीननच्या भुकटीत मुळातच पोटॅशियम असू शकतं. ‘मी तर मीठ घातलंच नाही’ हे त्यामुळे उत्तर होत नाही.

तेव्हापासून माझा नेम आहे: प्रत्येक मिश्रणाशेजारी दोन बाटल्या, एकीत पॉलिमर वजा बाकी सगळं, दुसरीत सरफॅक्टंट वजा बाकी सगळं. पोटॅशियम किंवा कॅल्शियम टाळता येत नसेल तर पॉलिसॉर्बेटसारखा भार नसलेला सरफॅक्टंट घ्या. साका दिसला की आधी बाटली गरम पाण्यात धरून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

घालण्याचा क्रम आणि घाई

ही दुसरी चूक मला पहिलीइतकीच सलते. कायटोसान आम्लात धनभारित असतो आणि एसडीएस ऋणभारित. इथे आकर्षण खरं आहे आणि जबरदस्त आहे. नवखा काय करतो? कायटोसानचं द्रावण ढवळत ठेवतो आणि दहा टक्क्यांचं एसडीएस थेंब थेंब सोडतो. थेंब थेंब सोडणं म्हणजे काळजीपूर्वक काम, असं त्याला शिकवलेलं असतं. पण थेंब पडतो त्या जागी, त्या क्षणी, सरफॅक्टंट प्रचंड जास्त असतो. थेंबाभोवती लगेच कातडी धरते आणि आतलं आत, बाहेरचं बाहेर अडकून पडतं. नीट बघितलंत तर बीकरमध्ये साबुदाण्यासारखे दाणे तरंगताना दिसतील. रात्रभर ढवळलं तरी ते सुटतीलच असं नाही. दोघांनी घटकांची अगदी तीच अंतिम प्रमाणं ठेवली तरी एकाकडे दुधाळ द्रावण आणि दुसऱ्याकडे गुठळ्या, हे मी स्वतः पाहिलंय, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून भांडत होते.

मी दोन्ही द्रावणं अंतिम प्रमाणाच्या दुप्पट ताकदीची करतो, दोन्हींचा पीएच आणि मीठ सारखं ठेवतो, आणि समान आकारमानं जोरात ढवळत एकदम एकत्र ओततो. मग लगेच वाचन घेत नाही. एक तासाने, एक दिवसाने आणि एका आठवड्याने बघतो. तीनही वेळा वेगळं दिसलं तर ते समतोलातलं द्रावण नव्हेच.

आणि आधी भाराचं गणित करा. ८० टक्के ॲसिटिल-मुक्त (८० टक्के एककांवरचा ॲसिटिल गट काढलेलं) कायटोसान घेतलं तर सरासरी एकक साधारण १६९ ग्रॅम प्रति मोल पडतं, म्हणजे पूर्ण भारित असताना दर ग्रॅमला सुमारे ४.७ मिलिमोल धनभार. ०.१ टक्क्याच्या १०० मिलिलिटर द्रावणात ०.४७ मिलिमोल. तो भार पुरा फिटायला एसडीएस लागतो जेमतेम १३६ मिलिग्रॅम. साका सगळ्यात जास्त याच आसपास बसतो. धनभारित सेल्युलोजसारख्या पॉलिमरात याच्या बरंच पुढे गेलं की जादा सरफॅक्टंट साका पुन्हा विरघळवतो. कंडिशनर असलेला शाम्पू बाटलीत स्वच्छ असतो आणि पाण्याने विरळ केला की गढुळतो, तो याच कारणाने. पाणी पडल्यावर मिश्रण जादा सरफॅक्टंटच्या भागातून घसरून कोअसर्व्हेटच्या (पॉलिमर-सरफॅक्टंटच्या वेगळ्या झालेल्या दाट द्रवाच्या) भागात येतं आणि ते कोअसर्व्हेट केसांवर बसतं. तो दोष नाही, तेच हवं असतं. मीठ घालून हा गढूळपणा ‘दुरुस्त’ करणारे लोक मी बघितलेत. मिठाने भारांचं आकर्षण झाकलं जातं आणि शाम्पूचं कामच बिघडू शकतं.

एकाच मात्रेवर मोजून निष्कर्ष काढणं

सेल्युलोजच्या भार नसलेल्या ईथरमध्ये एसडीएस वाढवत नेलं तर दाटपणा आधी चढतो, मग उतरतो, कारण पॉलिमरच्या साखळ्यांना जोडणारे मिसेल (सरफॅक्टंटच्या रेणूंचे पुंजके) पुढे संख्येने वाढतात आणि प्रत्येक साखळीला आपापले मिळतात. चढावरचा एक बिंदू घेतला तर ‘दाट करतो’, उतारावरचा घेतला तर ‘पातळ करतो’. किमान आठ-दहा मात्रा घ्या.

‘सीएमसी’ लिहून मोकळं होणं

कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज पण सीएमसी आणि मिसेल तयार होण्याची सीमाही सीएमसी. एकाच वहीत दोन्ही. पूर्ण नाव लिहा.

पृष्ठताणाच्या आलेखावर आंधळा विश्वास

शुद्ध पाण्यात २५ अंशांना एसडीएसचे मिसेल सुमारे ८ मिलिमोलरला बनतात. पॉलिमर असेल तर त्याच्यावर सरफॅक्टंटची जुळणी या मात्रेच्या आधीच सुरू होते; विरुद्ध भाराच्या पॉलिमरमध्ये तर कितीतरी आधी. पण आलेखात खड्डा दिसला की तो पॉलिमरचाच, असं नाही. जुन्या एसडीएसच्या द्रावणात तो हळूहळू तुटून डोडेकॅनॉल बनतं आणि नुसत्या एसडीएसच्या आलेखातही तसाच खड्डा पडतो. द्रावण ताजं करा, आणि पृष्ठभाग स्थिरावायला वेळ द्या. पॉलिमर असताना तो बराच लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

डिंकाची भुकटी एकदम ओतू नका, गुठळीच्या आतली भुकटी कोरडीच राहते आणि तुमची मात्रा चुकते. मी ती ग्लिसरिनमध्ये भिजवून, भोवऱ्यात भुरभुरतो आणि रात्रभर फुगू देतो. एचपीएमसी (हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज) मात्र गरम पाण्यात पसरवून गार होताना विरघळवायचा.

साबण आणि कायटोसान एकत्र करू नका. अल्कात कायटोसान बसतो, आम्लात साबणाचं मेदाम्ल सुटतं.

फेसासकट दाटपणा मोजू नका. सेंट्रिफ्यूज नसेल तर झाकण लावून बाटली रात्रभर ठेवा.

ग्वारचं द्रावण संरक्षकाशिवाय दोन दिवसांत सडून पातळ होतं, आणि त्याचं खापर सरफॅक्टंटवर फुटतं. झाकण उघडल्यावर आधी वास घ्या.