अनोळखी निवडुंग ओळखायचा कसा आणि बियांपासून वाढवायचा कसा

अनोळखी निवडुंग दिसला की नजर आधी काट्यांवर जाते. मी काटा जिथून निघतो ती जागा आधी बघते. खऱ्या निवडुंगात काट्यांच्या प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी लवदार, बारीकशी गादी असते. तिला अ‍ॅरिओल म्हणतात. काटे, फुलं, नव्या फांद्या बहुतेक तिथूनच फुटतं. शेर, थोर ही युफोर्बिया मंडळी कितीही निवडुंगासारखी दिसली, तरी त्यांना ही गादी नसते. त्यांच्यात पांढरा चीक असतो आणि तो डोळ्यांना फार वाईट, म्हणून खोड खरवडून बघू नका. शिवाय मॅमिलेरिया या गाठीदार खऱ्या निवडुंगांच्या काही जातींनाही पांढरा चीक असतोच, त्यामुळे नुसत्या चिकावरून निकाल देता येत नाही.

गादी सापडली की पुढचं वहीत टिपा: खोडावर उभ्या धारा आहेत की सुट्या गाठी, धारा किती, एका गादीवर कडेचे काटे किती, मधले किती, त्यात एखादा आकड्यासारखा वाकलेला आहे का. फोटो वरून, बाजूने आणि एका गादीचा अगदी जवळून घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा.

तरी खरा उलगडा फूलच करतं. मॅमिलेरियाची फुलं गाठींच्या बेचक्यातून, बहुधा माथ्याभोवती कड्यासारखी येतात. एकिनॉप्सिसच्या फुलाची नळी लांब आणि केसाळ असते. जिम्नोकॅलिशियमची नळी गुळगुळीत असून तिच्यावर फक्त खवले दिसतात. चपट्या पेरांचा फड्या निवडुंग सहज कळतो, पण त्याच्या गादीतली केसाएवढी कुसळं कातडीत रुततात, तेव्हा चिमट्याशिवाय हात लावू नका.

झाड मात्र उपटायचं नाही. हे मी कळकळीने सांगते, कारण कित्येक जाती मूठभर जागेतच उगवतात आणि गोळा करणाऱ्यांमुळेच संपत आल्या आहेत. जवळपास सगळं निवडुंग कुळ साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली येतं. संरक्षित जागेतून बीसुद्धा उचलू नका. इतरत्र जागेच्या मालकाला विचारून एखादं पिकलेलं फळ घ्या, बाकीची पक्ष्यांना आणि मुंग्यांना राहू द्या.

गर गाळणीत चोळून धुवा आणि बिया कागदावर सावलीत वाळवा. गर राहिला की बुरशी आलीच. जाड वाळू किंवा बारीक खडी निम्मी आणि चाळलेलं कोकोपीट निम्मं एकत्र करा, त्यावर उकळतं पाणी ओता आणि पूर्ण निवू द्या. बिया वरच पसरा, पुरू नका. बऱ्याच जातींना रुजायला उजेड लागतो. कुंडी पारदर्शक पिशवीत बंद करून २० ते ३० अंश सेल्सिअसच्या उबेत, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. बहुतेक बिया १ ते ३ आठवड्यांत रुजतात. फड्याची बी टणक असते, ती पॉलिश पेपरवर हलकी घासून घ्या आणि तरीही काही महिने वाट बघायची तयारी ठेवा.

रोपं लालसर झाली तर ऊन जास्त होतंय, लांबुळकी झाली तर उजेड कमी पडतोय. बुरशीचा पांढरा धागा दिसला की तेवढा भाग आजूबाजूच्या मिश्रणासकट काढून टाका. काटे दिसू लागले की पिशवी रोज थोडी थोडी उघडत जा. मोठा निवडुंग कोरडा राहिला तर चालतो, पण पहिल्या वर्षी रोपांना ठणठणीत कोरडं पडू देऊ नका. ती एकमेकांना टेकू लागली की वेगळी लावा.

आणि लेबलवर ओढूनताणून नाव लिहू नका. छोट्या रोपाचे काटे मोठ्या झाडापेक्षा वेगळे असतात, त्यावरून जात ठरवली तर हमखास चुकतं. बी कुठून घेतली, कधी घेतली आणि मूळ झाडाच्या फोटोचा क्रमांक एवढं लिहा. नावाची जागा फूल येईपर्यंत कोरी ठेवा, मग त्याला कितीही वर्षं लागोत.