बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडू नका: लकव्याचा धोका वाढवणाऱ्या चुका

आधी एकदा लकवा होऊन गेला असेल, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर बीपीकडे इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे बघावं लागतं. अशा बहुतेकांसाठी डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. वरचं बीपी १० ने जरी उतरलं, तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शाने घटतो. हातातला हा फायदा साध्यासाध्या चुकांनी जातो, याचंच वाईट वाटतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मशीनवर १२४ आकडा दिसला की गोळी बंद करणं. अहो, तो १२४ गोळीमुळेच आलाय! सोडल्यावर डोकं दुखत नाही, गरगरत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ताण पडतच राहतो. क्लोनिडीन किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली, तर बीपी उसळीही मारतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात याला आणखी एक निमित्त मिळतं. पारा ४३-४४ वर गेला, घाम गेला, पाणी कमी पडलं की बीपी खाली येतं. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "गोळी सोसत नाही तुला, सोड." तसं करू नका. आधी बसून मोजा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर ते डोस कमी करतील. अम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. त्यावरही गोळी बदलून मिळते, ती मागून घ्यायची.

मोजण्यातही घोळ होतो. यंत्रमागाची पाळी सुटली, सायकल दामटत मेडिकल गाठलं आणि काउंटरपाशी उभ्याउभ्या बोलत बोलत पट्टा बांधून घेतला, तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात छातीच्या उंचीवर टेकवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

मिठाचं बोलायचं तर शेंगाचटणी कुणाला सोडवेल? सोडूही नका, फक्त कुटताना मीठ निम्मं घाला. लसूण, जिरं आणि तिखट चव सांभाळून घेतात, आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढंच मीठ पोटात जावं. लोणचं-पापडातलंही त्यातच आलं. कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच आणा. त्यात पोटॅशियम असतं, किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते अंगाशी येऊ शकतं.

विड्या वळून पाठ-मान धरली की डायक्लोफिनॅकची गोळी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. मावशी, रोज घेतलेल्या त्या गोळीने बीपी वाढतं, किडनीलाही झळ पोहोचते. आणि मिश्री हाही तंबाखूच.

शेवटची चूक ऐनवेळची. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला, बोलणं अडखळलं की लोक घाईघाईने जिभेखाली बीपीची गोळी ठेवतात. ठेवू नका. बीपी एकदम पडलं तर मेंदूला होणारा रक्तपुरवठा आणखी घटतो. पाणीही पाजू नका, घास घशात अडकतो तसं ते श्वासनलिकेत जातं. १०८ लावा, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगा. दहा मिनिटांत सगळं आपोआप ओसरलं, तरीही त्याच दिवशी दाखवायला न्या.