माकड, वानर की एप? आधी नाक बघा, शेपूट नंतर

पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की आपण पहिलं शेपूट बघतो आणि तिथेच फसतो. समोरचा प्राणी माकड-माणसांच्या मोठ्या गटाच्या (प्रायमेटच्या) वंशवृक्षात कुठल्या फांदीवरचा, हे ओळखायचं तर सुरुवात नाकापासून करा.

नाक कुत्र्यासारखं ओलसर असेल तर तो लेमूर (मादागास्करचे प्रायमेट) आणि लोरिसच्या फांदीवरचा. खात्री करायची तर मागच्या पायाचं दुसरं बोट बघा, सहसा बाकी नखं चपटी आणि तेवढंच एक टोकदार असतं, अंग खाजवायला. आपल्या पश्चिम घाटातला लोरिस याच गटातला. टार्सियर (आग्नेय आशियातला चिमुकला प्रायमेट) मात्र घोळ घालतो, भलेमोठे डोळे, रात्री फिरणार, म्हणून आधी त्यालाही लेमूरसोबत बसवायचे, पण नाक कोरडं आणि डीएनएपण आपल्या, म्हणजे माकड-माणसांच्या बाजूचा, त्यामुळे आता तो आपल्या फांदीवर आलाय.

नाक कोरडं निघालं की नाकपुड्या बघा. एकमेकींपासून लांब आणि बाजूला उघडणाऱ्या म्हणजे अमेरिकेतली माकडं, कापुचिन, स्पायडर मंकी वगैरे. जवळजवळ आणि खाली उघडणाऱ्या म्हणजे आशिया-आफ्रिकेतली माकडं, एप (गिबन, गोरिला, चिंपांझी वगैरे) आणि, आरशात बघा, आपण. कवटी हाती आली तर उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) मोजा, आपल्या गटात जबड्याच्या प्रत्येक बाजूला दोन, अमेरिकावाल्यांना तीन.

आता शेपूट. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो, माणूस, कुणालाच नाही. भारतात माणूस सोडला तर एप म्हणजे फक्त ईशान्येकडचा हूलॉक गिबन. पण मोरोक्कोतल्या बार्बरी मकाकलाही शेपूट नसल्यातच जमा आणि तो पक्का माकड! म्हणून खांदे आणि छातीपण बघायची, एपची छाती रुंद आणि हात चहूकडे फिरतो.

मराठीत आपण माकड आणि वानर वेगळं म्हणतो ते अगदी बरोबर आहे बरं का. लाल तोंडाचं माकड चणे गालातल्या पिशवीत कोंबतं, काळ्या तोंडाच्या वानराला ती पिशवी नाही, त्याच्या पोटातच पाला आंबवायला कप्पे असतात. कुटुंब एक, शाखा दोन.

शेवटी वंशवृक्ष काढायचा. एपच्या खोडातून आधी गिबन फुटला, मग ओरांगउटान, मग गोरिला, आणि साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी आपली आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली. म्हणजे चिंपांझी आपला चुलतभाऊ, आजोबा नव्हे. चिंपांझी-बोनोबोची जोडी काढा आणि तिच्या शेजारी माणूस, गोरिला बाहेरच्या फांदीवर. दिसायला सारखे म्हणून चिंपांझी गोरिलाला चिकटवलात तर झाड चुकलं.