घराच्या हक्कासाठी कायद्याचं काम: नागपुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा एलएलबी झालेली मुलं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की भेटायला येतात. बेघर, झोपडपट्टी, परवडणारी घरं यांवर काम करायचं म्हणतात आणि आधी मोर्चा बघायचा असतो. बघाच. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी रोडला नाहीतर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, मग शिष्टमंडळ आत जातं. पण त्या शिष्टमंडळाच्या हातातला कागद पावसाळ्यातच लिहायला घ्यावा लागतो.

‘बेघरांना न्याय द्या’ एवढंच त्यात असेल तर आमदार निवासातला स्वीय सहायक पान उलटून विचारतो, ‘भाऊ, कोणत्या कायद्यात काय पाहिजे?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर तयार ठेवायचं असेल तर दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. 1971 चा झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा झोपडीला ओळखतो. 1 जानेवारी 2000 पूर्वीची असेल तर मोफत पुनर्वसन, त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतची असेल तर सशुल्क. झोपडीही नसलेला माणूस मात्र 1959 च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याच्या तावडीत सापडतो. म्हणजे एकाला घर, दुसऱ्याला अटक. या कायद्याची बरीच कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो अजून लागू आहे. ती कलमं इथेही रद्द करा, ही मागणी कलमावर बोट ठेवून करता येते.

निवाऱ्याचं दुखणं वेगळं. लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा हा निकष केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतला. सूचना म्हणजे कायदा नव्हे. निधी आटला की निवारा लटकतो. राज्याचं 2025 चं गृहनिर्माण धोरणही धोरणच, म्हणून निवाऱ्यासाठी राज्याचा कायदाच मागा. ‘राज्याने एकट्याने कायदा कसा करायचा?’ असं कोणी म्हणालं तर रोजगार हमीचं नाव घ्या. 1972 ला योजना, 1977 ला राज्याचा कायदा, आणि देशाचा कायदा यायला 2005 उजाडलं.

आता बेघरांची रात्रीची पाहणी. दहाच्या आत जाऊ नका, सीताबर्डीत दुकानांची शटरं पडल्याशिवाय अंथरुणं पडत नाहीत. नाव विचारण्याआधी बाजूला बसा. फोटो नको. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या बाहेर खरा पेच येतो. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले पेशंटचे नातेवाईक तिथेच फुटपाथवर चादर टाकतात. गावी त्यांचं घर आहे, मग ते बेघर का? मी त्यांची यादी वेगळी करते, कारण त्यांना हवी आहे इस्पितळाजवळची धर्मशाळा आणि शेजारच्या भंगार वेचणाऱ्या म्हाताऱ्याला हवा आहे बारमाही निवारा. दोघांचा एकच आकडा करून दिला तर सभागृहात मंत्री पहिल्याच उत्तरात तो पाडतात.

बस्तीत गेलात तर पहिला प्रश्न जमिनीचा. नझूल (शहरातली सरकारी जमीन), नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), महापालिका, रेल्वे, खासगी, की झुडपी जंगल (विदर्भातल्या महसूल नोंदीतली झुडपांची जमीन)? आखीव पत्रिका, म्हणजे नगर भूमापनाचा मालकीचा उतारा, काढल्याशिवाय कोणाला आश्वासन देऊ नका. झुडपी जंगलाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा मे 2025 चा निकाल वाचून ठेवा, विदर्भाबाहेरच्या कार्यकर्त्यांना तो विषयच माहीत नसतो. मुंबईची एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची) भाषा इथे तशीच्या तशी आणण्यात अर्थ नाही असं माझं मत. तिथे जमिनीच्या भावावर बिल्डर येतो. नागपूरच्या बस्तीतली बाई विचारते, ‘पट्टा (जागेच्या हक्काचा कागद) माझ्या नावावर कधी होईल?’

आमदारामार्फत विचारायच्या तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी) अधिवेशन चालू असताना देता येते. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, मंजूर होणं दुर्मीळ, तरी मसुदा करावा. सरकारला पुढे त्यातलं एखादं कलम उचलायला सोपं जातं. शिष्टमंडळात बस्तीतली एक बाई असायलाच हवी, आणि बोलायचं तिने.

पैशाचंही बोलून टाकते. सुरुवातीला मानधन तुटपुंजं असतं आणि प्रकल्प संपला की तेही थांबतं. वकिलीची सनद असेल तर बाजूला प्रॅक्टिस ठेवा. नसेल तर माहिती अधिकाराचे अर्ज आणि कलमवार मसुदा मराठीत लिहायला शिका. हे येणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे संस्था शोधत येतात.